टपाल संघटनांवरचा राग अनाठायी


‘टपाल संघटनांचे लाड पुरे’ हे पत्र वाचले. संघटनेने राजकारण केले, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ‘एनएफपीई’ हा टपाल कर्मचाऱ्यांचा महासंघ आणि ‘क’ गटाच्या टपाल कर्मचारी संघटनेची मान्यता काढली ते योग्यच, असे पत्रलेखक म्हणतात. संघटनेने दिलेल्या ज्या रकमांवर आक्षेप घेतला, त्यांत शेतकरी आंदोलनाला दिलेले ३० हजार रुपयेही होते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळकराने तरी त्याला गुन्हा म्हणू नये. नियम मोडला असेल तर हिशेब मागा. देशभरच्या कर्मचाऱ्यांचे तोंड बंद करणे हा उपाय नव्हे.

‘चार तास काम, वर संप’ हा पत्रातला टोमणाही पोकळ आहे. झरी-जामणीतल्या कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) अंगठ्याचे यंत्र घेऊन जाणारा, निराधार योजनेचे पैसे देण्यासाठी रेंज येईपर्यंत म्हातारीच्या ओसरीवर ताटकळणारा ग्रामीण डाकसेवक कागदोपत्री अर्धवेळच, तोही पेन्शनविना. त्याचे पद हे ‘नागरी पद’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले होते. डाकसेवकांच्या वेतनाबाबतच्या कमलेशचंद्र समितीचा अहवाल २०१६ चा. पगारवाढ मंजूर झाली ती २०१८ च्या सोळा दिवसांच्या संपानंतर. नुसत्या अर्ज-विनंत्यांवर भागले असते, तर पगार बुडवून संप करण्याची हौस कोणाला आहे?

– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)