श्रेणीचा नियम एकदाच लिहूया, सगळ्यांनी वापरूया



सत्र संपलं की अंबड असो, भोकरदन असो की मंठा, निकालपत्रकाची गडबड सगळीकडे सारखीच. कुणीतरी बनवलेली गुगल शीट व्हॉट्सॲपवर येते, आपण तिची कॉपी करून गुण भरतो. सोय होते, खरंय. पण शीटसोबत श्रेणीचं सूत्रही कॉपी होतं. त्यात चूक असेल तर ती प्रत्येक शाळेत पोहोचते. एकाने दुरुस्त केली तरी बाकीच्यांना पत्ता नसतो.

ही चूक छोटी नाही. आपल्या मूल्यमापनात ३३ ते ४० ला ड आणि ४१ ते ५० ला क-२. मग सर्व विषयांची सरासरी ४०.५ आली तर? एका शाळेत ड, दुसरीत क-२! त्यात आकारिक-संकलित भारांशही वेगवेगळे: पहिली-दुसरीला ७०-३०, सातवी-आठवीला ४०-६०. शिवाय २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नियम बदलला की शेकडो कॉप्या कोण शोधणार?

माझं मत स्पष्ट आहे. नियम गुगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहावा आणि लायब्ररी म्हणून सगळ्यांना द्यावा.

हे अवघड नाही. शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट उघडा. 'लायब्ररीज' समोरच्या अधिक चिन्हावर क्लिक करून लायब्ररीचा स्क्रिप्ट आयडी टाका आणि आवृत्तीचा क्रमांक निवडा. एक लक्षात ठेवा, लायब्ररीतलं फंक्शन शीटच्या रकान्यात थेट चालत नाही. आपल्या स्क्रिप्टमध्ये त्याला हाक मारणारं दोन-तीन ओळींचं फंक्शन लिहावं लागतं. नियम बदलला की लायब्ररीत नवी आवृत्ती निघते, आपण फक्त क्रमांक बदलायचा.

लायब्ररीमुळे काम थोडं हळू होतं, हे गुगलही सांगतं. पण ३०-४० मुलांच्या वर्गाला त्याने फरक पडत नाही. खरी काळजी वेगळी आहे. लायब्ररीचा कोड आपण दिलेल्या परवानगीनेच चालतो. म्हणून अनोळखी आयडी टाकू नका, आधी कोड वाचा. लायब्ररीत फक्त नियम असावा, मुलांची नावं आणि गुण आपल्या शीटमध्येच राहावेत. आणि ती एकाच शिक्षकाच्या खात्यावर नको. ते खातं बंद झालं तर सगळ्यांच्या शीट अडतील. केंद्रातल्या दोघा-तिघांकडे तिचा ताबा असावा.

पालकहो, श्रेणी कशी काढली हे तुम्ही जरूर विचारा. उत्तर सगळ्या शाळांत एकच मिळायला हवं. तो मुलांचा हक्क आहे.