बॅकअप आहे हो, पण रिस्टोर करून पाहिलाय का?

"बॅकअप घेता ना?" असं कुठल्याही ऑफिसात विचारा. उत्तर ठरलेलं: "हो, ऑटोमॅटिक आहे." माझं स्पष्ट मत आहे की या "ऑटोमॅटिक"वर काडीचाही विश्वास ठेवू नये. स्क्रिप्ट लिहून क्रॉनमध्ये टाकणं अर्ध्या तासाचं काम. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

गिटलॅबचंच बघा. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. असो, माणूस चुकतो. खरा धक्का पुढे होता. रोजचा बॅकअप जिथे साठायला हवा, तिथे काहीच नव्हतं! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारा पीजी-डंप ९.२ चा, त्यामुळे तो एरर देऊन थांबायचा. एररची ईमेल निघायची, पण डीमार्कच्या नियमात अडकून कुणापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी कामी आला तो सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

आता म्हणाल, ते मोठे लोक, आपला काय संबंध? तर नगरजवळच्या आमच्या केडगावातल्या एका पतसंस्थेचा किस्सा ऐका. बॅकअप रात्री दोनचा लावलेला. संध्याकाळी कुलूप लावताना शिपाईमामा शिस्तीत मेन स्विच बंद करणार. दोन वाजता मशीनच झोपलेलं! चुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही (त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन लागतो). आणि एरर? मशीनच बंद, तर तक्रार करणार कोण?

म्हणूनच "फेल झाला तर मेल पाठव" ही पद्धत उलटी आहे. बॅकअप यशस्वी झाला की त्याने दुसऱ्या मशीनवर हजेरी लावावी, आणि सकाळपर्यंत हजेरी दिसली नाही तर त्या दुसऱ्या मशीनने बोंब मारावी. मौन हे संमतीचं लक्षण लग्नाच्या बोलणीत असेल, सर्व्हरच्या बाबतीत नाही.

पण हजेरीही पुरेशी नाही. शून्य बाइटची फाइलसुद्धा वेळेवर हजर होते! पतसंस्थेत रोज संध्याकाळी रोकड मोजून रोजकीर्दीशी जुळवतात ना? तसंच बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोर करायचा, आणि खात्यांची संख्या व ठेवींची बेरीज बॅकअप घेतानाच्या आकड्यांशी जुळवायची. हेही स्क्रिप्टने होतं. महिन्यातून एकदा मात्र माणसाने डोळ्यांनी बघावं, आणि त्या माणसाचं नाव कागदावर असावं. "सगळ्यांची जबाबदारी" म्हणजे कुणाचीच नाही.

आणि एक प्रत इमारतीबाहेर हवीच. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदी फायलींचं काय झालं ते आठवा. सर्व्हरशेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क आगीतून वेगळी वाचणार नाही.

बॅकअप कंटाळवाणा विषय आहे, मान्य. पण रोज शंभर रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीला क्रॉन माहीत नसतो. तिच्या पैशांचा हिशोब आपल्या स्क्रिप्टच्या भरवशावर असतो.

तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसात गेलात की एकच प्रश्न विचारा: "शेवटचा रिस्टोर कधी केला होता?" लोक एकमेकांकडे बघायला लागले, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच समजा.