पागडीची खोली स्वस्त, पण हिशेब पुरा करा

लालबाग, परळ, गिरगावात पागडीची खोली मालकीच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त पडते. भाड्याने देऊ, पुढे पुनर्विकासात फ्लॅट मिळेल, असा विचार करून आपल्यातली कुटुंबं बचत तिथे ओततात. आम्हाला हा हिशेब अर्धवट वाटतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली, तरी घेणारा भाडेकरूच राहतो. घरमालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. बँकाही अशा खोलीवर सहसा कर्ज देत नाहीत.

मालकीचं घर घ्यायचं तर आधी आकडे मांडा. एक कोटीच्या फ्लॅटवर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जास्तीत जास्त ७५ लाख कर्ज मिळतं. उरलेले २५ लाख, मुद्रांक शुल्क ६ लाख आणि नोंदणीचे ३० हजार आपल्याच खिशातून. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक लाख वाचतो.

व्याज टाळणाऱ्यांची अडचण मोठी आहे. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवलं. भावंडांनी मिळून घेणं हा एक मार्ग, पण प्रत्येकाचा हिस्सा करारात लिहूनच.

भाव बोलताना घाई नको. आधी बँकेकडून कर्जाची मंजुरी, मग बोली. कर्ज नाकारलं गेलं तर टोकन परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका.