५०० वरून १ : मर्यादा कोण ठरवतो?

हवेच्या दहा लाख भागांत विषारी वायूचे किती भाग असले, तर कामगाराने निर्धास्तपणे श्वास घ्यावा? हा प्रश्न केवळ शास्त्राचा आहे, असे भासवले जाते. व्हिनिल क्लोराईडचा इतिहास वेगळेच सांगतो.

पाण्याचे नळ आणि विजेच्या तारांची वेष्टने ज्या पीव्हीसीची बनतात, त्याचा हा वायू म्हणजे मूळ कच्चा माल. अमेरिकेत १९७४ च्या आरंभी त्याची कायदेशीर मर्यादा ५०० भाग होती. त्या जानेवारीत लुईव्हिल येथील बी. एफ. गुडरिच कंपनीने आपले तीन कामगार यकृताच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने दगावल्याचे जाहीर केले. बंद टाक्यांत उतरून भिंतींना चिकटलेली राळ खरवडण्याचे काम अशा कारखान्यांत माणसेच करीत.

इटलीतील संशोधक चेझारे माल्तोनी यांना २५० भागांच्या मात्रेतही उंदरांना हाच कर्करोग झाल्याचे आढळले होते. अमेरिकी उत्पादकांना हे १९७३ सालीच कळले होते. गोपनीयतेच्या कराराआड त्यांनी ते दडवले. कामगार मात्र टाक्यांत उतरतच राहिले.

सत्य बाहेर पडले आणि कामगार संघटनांनी सरकारला धारेवर धरले. एप्रिल १९७४ मध्ये तात्पुरती मर्यादा ५० झाली. १९७५ मध्ये आठ तासांच्या सरासरीने ती १ वर आली. उद्योग बुडेल, वीस लाखांवर रोजगार जातील, असा मालकांनी आक्रोश केला. ते न्यायालयात गेले आणि हरले. मग गळत्या बुजल्या, टाक्या धुण्याच्या नव्या पद्धती आल्या. उद्योग बुडाला नाही. विज्ञानाला अशक्य असलेले काहीच त्यात नव्हते. अडसर होता तो नफ्याचा.

आपल्या देशात १९८४ च्या भोपाळ हत्याकांडानंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात विषारी द्रव्यांच्या मर्यादांचे परिशिष्ट आले. परंतु हवा मोजलीच नाही, तर परिशिष्टातील आकडा कागदावरच राहतो. या वायूचा वास हजारो भागांवर गेल्याखेरीज नाकाला कळत नाही आणि रोग अनेकदा वीस-वीस वर्षांनी प्रकटतो. तोवर कंत्राटी कामगाराची हजेरीपटावर नोंदही उरलेली नसते.

म्हणूनच हवेच्या मोजणीचे आकडे कामगारांच्या भाषेत फलकावर लागले पाहिजेत, वैद्यकीय तपासणीचे निष्कर्ष त्यांच्या हाती पडले पाहिजेत, आणि कंत्राटी कामगारांचाही त्यावर तितकाच हक्क असला पाहिजे. प्रत्येक युनियनने वेतनवाढीच्या मागणीपत्रात ही मागणी वेतनाच्या शेजारी मांडली पाहिजे. ५०० चा १ झाला तो मालकांच्या दयेने नव्हे.