स्क्रिप्टला 'थांब' नको, 'झालं का?' विचारायला शिकवा

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीची दुपार. सव्वाबारानंतर स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा, ड्युओलिंगो अशी एकेक ॲप्स अडखळायला लागली. अशा वेळी आपण आधी फोनचा डेटा बंद-चालू करून बघतो. पण बिघाड फोनमध्ये नव्हताच. तो होता ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या यंत्रणेत.

नंतर कंपनीनेच कारण सांगितलं. डायनॅमोडीबी हा त्यांचा डेटाबेस. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता ठेवणाऱ्या डीएनएस नोंदी ऑटोमेशनच बदलतं. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एक रेंगाळला. तोवर दुसऱ्याने नवी यादी लावली आणि जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली. तेवढ्यात रेंगाळलेल्याने आपली जुनी यादी नवीवर चढवली. 'माझी यादी नवी आहे ना?' हे त्याने सुरुवातीलाच तपासलं होतं, पण ती तपासणी आता शिळी झाली होती. साफसफाईत नेमकी तीच यादी पुसली गेली आणि पत्त्याची जागा रिकामी! याला म्हणतात रेस कंडिशन.

माझ्या मते यातला धडा आपल्यासारख्यांनाही लागू आहे. मी महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीतून लिहितोय. इथे बसूनही फोनवरच्या टर्मक्समधून एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करता येतं. रोजचं काम आपोआप व्हावं म्हणून आपण स्क्रिप्ट लिहितो: आधी बॅकअप घे, मग जुन्या फायली काढ. आणि मध्ये टाकतो 'स्लीप १०', म्हणजे दहा सेकंद थांब.

गडबड इथेच आहे. दहा सेकंद झाले म्हणजे काम झालं, असं थोडीच असतं? डेटा वाढला, सर्व्हरवर ताण आला की तेच काम चाळीस सेकंद घेतं. बॅकअप अर्धा आणि मूळ फायली गायब! वेळ हा फक्त अंदाज आहे, पुरावा नाही.

मग पुरावा कुठून आणायचा? लिनक्समध्ये प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देते, एक्झिट कोड. ० म्हणजे काम फत्ते, दुसरं काही आलं तर गडबड. एसएसएचला लॉगिनसोबतच कमांड दिली, तर ती संपेपर्यंत ते स्वतःच थांबतं आणि तिचा कोड परत आणतं. दोन कमांडींमध्ये && टाका; पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालेल.

पायथनचं पॅरामिको वापरत असाल तर जपून. त्यात कमांड पाठवणारं फंक्शन लगेच परत येतं, काम मागे चालूच असतं. एक्झिट कोड वेगळा मागावा लागतो. आणि राउटरसारख्या यंत्रात, जिथे एकेक ओळ टाइप करावी लागते, तिथे एक्स्पेक्ट हे टूल कामी येतं. ते ठरलेला प्रॉम्प्ट दिसेपर्यंत वाट बघतं, मगच पुढची ओळ पाठवतं.

पण कायम वाट बघत बसणंही बरोबर नाही. टाइमआउट ठेवा, आणि वेळ संपली तर पुढे न जाता स्क्रिप्ट तिथेच थांबू द्या. एसएसएचकडून २५५ आलं, तर बहुतेक वेळा जोडणीच तुटलेली असते. तिकडचं काम पूर्ण झालं की अर्धवट राहिलं, हे त्यावरून कळत नाही. पुन्हा लॉगिन करून बघायचं. लांबलचक काम असेल तर ते टीमक्समध्ये चालवा, म्हणजे रेंज गेली तरी सर्व्हरवर ते सुरू राहतं.

ॲमेझॉनला तो पत्ता परत जागेवर आणायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला, आणि सगळं सुरळीत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली. त्यांच्याकडे निदान इंजिनिअरांची फौज होती. आपल्याकडे असतो एकच बॅकअप. म्हणून आज आपल्या स्क्रिप्टमध्ये 'स्लीप' शोधा, आणि त्याच्या पुढच्या ओळीत काही पुसलं जात असेल तर ती ओळ आधी बदला.