एकच कपाट, एकच चावी



आपल्यापैकी कित्येकांच्या घरातले कुणी ना कुणी न्हावा शेव्याला कामाला आहे. कुणी ट्रेलरवर, कुणी गोदामात, कुणी क्लिअरिंगवाल्याकडे. त्यांना २०१७ सालचा जून महिना आठवत असेल. २७ जूनला जगभरच्या हजारो संगणकांचे पडदे एकाएकी काळे पडले. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावा शेव्याचे एक टर्मिनलही अडकले. कुठला कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलेला, कुणाला द्यायचा, हे सारे संगणकात. संगणक बंद म्हणजे काम खोळंबले. कागद-पेन्सिल घेऊन हाताने काम करण्याची पाळी आली.

हा रोग आला कुठून? युक्रेन देशात हिशेब ठेवण्याचा एक प्रोग्रॅम घरोघरच्या कंपन्या वापरत. त्याची दुरुस्ती म्हणून जी नवी फाईल संगणकांवर आपोआप उतरत असे, तिच्यातच कुणीतरी विष कालवले. पुढे अमेरिका व ब्रिटन या सरकारांनी रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवले. दोन देशांचे भांडण, पण काम बंद पडले उरणच्या किनाऱ्यावर. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती; पैसे भरले तरी माहिती परत मिळणार नव्हती. ती खंडणी नव्हतीच, ती मोडतोड होती.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मर्स्कसारख्या कंपनीने माहितीच्या प्रती ठेवल्या नव्हत्या काय? ठेवल्या होत्या. बहुतेक यंत्रांच्या प्रती सापडल्याही. पण एका गोष्टीची प्रत सापडेना. कारखान्याच्या दारावर मस्टर असतो ना, कोण आपला, कोण परका, कुणाला कुठल्या खोलीत सोडायचे, तसा संगणकांचाही मस्टर असतो. तोच नाही तर बाकीच्या प्रती असून नसल्यासारख्या. ह्या मस्टरच्या सुमारे दीडशे प्रती जगभर होत्या, आणि त्या एकमेकींशी तारेने जोडलेल्या होत्या. एक गेली तर दुसरी आहेच, असा हिशेब. एकाच वेळी सगळ्या जातील हे कुणाच्या डोक्यात आले नाही. आणि सगळ्या गेल्या.

एक सोडून. आफ्रिकेतील घाना देशातल्या ऑफिसात त्या वेळी वीज गेलेली होती! यंत्र बंद होते, म्हणून वाचले. आपण लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या दिल्या. इथे त्याने एवढी मोठी कंपनी तारली. ती माहिती तारेवरून इंग्लंडला पाठवायला फार वेळ लागला असता. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकजण नायजेरियाला विमानाने गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती ती डिस्क दिली, आणि ती हातोहात लंडनजवळच्या ऑफिसात पोहोचली. त्यानंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्या दिवसांत माल फक्त वीस टक्क्यांनी घटला, बाकीचा माणसांनी हाताने हलवला, हेही त्यांनीच सांगितले. नुकसान झाले २५ ते ३० कोटी डॉलरचे. ज्या माणसांनी रात्रंदिवस माल हलवला त्यांची नावे मात्र कुठे छापून आली नाहीत. असो.

हे वाचताना मला आमची पतपेढी आठवली. नाव सांगत नाही, माणसे चांगली होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. पतपेढीचे ऑफिस तळमजल्यावर. एकच लोखंडी कपाट, त्यात सगळी खतावणी. शेजारी टेबलाखाली एकच संगणक. आणि संगणकाची प्रत? ती फ्लॉपीवर होती, आणि फ्लॉपी त्याच कपाटात! चावी सेक्रेटरींच्या खिशात, सेक्रेटरी दोन दिवस कुर्ल्यापलीकडे अडकलेले. कपाट उघडले तेव्हा आत शाईचा चिखल.

हिशेब परत उभा राहिला तो सभासदांच्या पासबुकांवरून. कुणी माळ्यावर ठेवलेले, कुणी गावी. पण आमच्या चाळीतल्या एक मावशी, धुणीभांडी करून पैसे साठवणाऱ्या, त्यांचे पासबुक ऑफिसातच. "वाचता येत नाही, हरवेल, राहू दे तिथेच," म्हणून त्यांनी स्वतःच दिलेले. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते. मावशींना प्रत्येक महिन्याची रक्कम तोंडपाठ. कमिटी म्हणे, तोंडी चालत नाही. पैसे मिळाले, पण चार महिन्यांनी, आणि तोवर प्रवेशाची तारीख गेली. मुलीचे एक वर्ष वाया गेले. मीही त्या कमिटीत होतो. "आधी निम्मे द्या, मग बघू," एवढे म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

आज बचत गट, भिशी, सोसायटी, सगळ्यांचा हिशेब एकाच्या मोबाईलमध्ये असतो. म्हणून पुढच्या सभेत एवढे विचारा: ह्या माणसाचा मोबाईल आज रात्री पाण्यात पडला तर उद्या सकाळी आपल्याकडे काय उरते? महिन्याची शिल्लक कागदावर काढून दोघांच्या सह्या घ्या. पेनड्राईव्हवर प्रत काढली की तो लगेच उपसून दुसऱ्याच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवा; जोडून ठेवलेली प्रत यंत्राबरोबरच मरते. सहा महिन्यांतून एकदा ती उघडून बघा. न उघडणारी प्रत मी स्वतः पाहिली आहे. पासवर्ड दोघांना माहीत असावा. आणि यंत्र बंद पडले तर पावती कुठल्या वहीत फाडायची, ते आजच ठरवा, त्या दिवशी नव्हे.

त्या मावशी अजून आहेत. मुलगी एक वर्ष उशिराने का होईना, नर्स झाली. पासबुक आता घरी असते, पत्र्याच्या पेटीत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून. नोंद झाली की नातू वाचून दाखवतो, आणि मावशी म्हणतात, "पुन्हा वाच."