दरवाढीच्या सुनावणीत आपली खुर्ची रिकामी का?



विजेचे दर वाढणार अशी बातमी आली की वस्तीत नळावर, रेशनच्या रांगेत, विहारातल्या बैठकीनंतर एकच बोलणे सुरू होते. "आपल्याला कोण विचारतो? वरच्यांनी ठरवलं, आपण भरायचं." हे बोलणे रागाचे आहे आणि राग खोटा नाही. पण त्यातले एक वाक्य खरे नाही. आपल्याला विचारले जाते. कायद्याने विचारावेच लागते. आपण उत्तर देत नाही, एवढेच.

वीज कायदा २००३ च्या कलम ६४ मध्ये याची रीत दिलेली आहे. वीज कंपनीला दर बदलायचे असले तर तिला राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज थोडक्यात जाहीर करावा लागतो. लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्यावरच आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र वीज नियामक आयोग करतो. त्याची स्थापना १९९९ साली झाली. महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी, प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि सुनावणीही वेगळी. महावितरणच्या अर्जावर मुंबई भागाशिवाय पुणे, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणीही जनसुनावणी झालेली आहे.

ही सुनावणी म्हणजे नुसता देखावा असे कुणी म्हणेल. त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट जुन्या वीज मंडळाची. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार १९९३ साली झाला तेव्हा राज्यात नियामक आयोगच नव्हता. ती वीज पुढे मंडळाला परवडेना आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. आयोग आल्यावर मंडळाला आपले आकडे लोकांपुढे मांडणे भाग पडले. मंडळ त्या काळी आपली गळती १८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. शेतीपंपांना मीटर नव्हते, म्हणून हरवलेली बरीच वीज शेतकऱ्याच्या नावावर दाखवता येत होती. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने आणि ग्राहक प्रतिनिधींनी त्या आकड्यांवर बोट ठेवले. २००० सालच्या आपल्या पहिल्या दर आदेशात आयोगाने गळती ३० टक्क्यांच्या वर धरली. चोरी आणि गळती झाकून तिचा भार प्रामाणिक ग्राहकावर टाकण्याची सोय तेव्हापासून अवघड झाली. कुणीतरी कागद वाचून उभे राहिले म्हणूनच हे झाले.

दुसरी गोष्ट २०२३ ची. महावितरणने सुमारे ६७,६०० कोटी रुपयांची तूट दाखवून दरवाढ मागितली होती. ग्राहक संघटनांनी जोरदार हरकती घेतल्या. ३१ मार्च २०२३ च्या आदेशात आयोगाने सुमारे ३९,६०० कोटी मान्य केले. वाढ झालीच, पण मागितली तेवढी झाली नाही.

आता टक्केवारीची एक गंमत पाहा. त्या आदेशाने पहिल्या वर्षी सरासरी २.९ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५.६ टक्के वाढ झाली, असे जाहीर झाले. आपण महिन्याला ६० युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब मांडू. एक ट्यूब, दोन बल्ब, पंखा, टीव्ही, मिक्सर असलेले हे घर. २०२२-२३ मध्ये १०० युनिटपर्यंत वीज आकार ३ रुपये ३६ पैसे आणि वहन आकार १ रुपया ३५ पैसे होता. स्थिर आकार १०५ रुपये. एकूण ३८७ रुपये ६० पैसे. २०२४-२५ मध्ये वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि स्थिर आकार १२८ रुपये झाला. एकूण ४८० रुपये ८० पैसे. दोन वर्षांत ९३ रुपये जास्त, म्हणजे शेकडा २४. वीज शुल्क यात धरलेले नाही.

मग २.९ आणि ५.६ कुठून आले? इंधन महागले की 'इंधन समायोजन आकार' नावाचा वेगळा आकार बिलात लागतो. तो आधीपासून वसूल होत होता. तो मूळ दरात धरून पुढची वाढ मोजली की आकडा लहान दिसतो. शिवाय सरासरीत कारखाना, दुकान, शेती, घर सगळेच मिसळलेले असतात. हिशेब खोटा नाही, पण तो आपल्या घराचाही नाही. म्हणून बातमीतली टक्केवारी ऐकून स्वस्थ बसू नये. आपल्या बिलावरचे युनिट घेऊन आपला हिशेब आपणच करावा. नववीतली मुलगी घरात असेल तर तिला करायला सांगा.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. ६० युनिटवाल्या घराच्या बिलात १२८ रुपयांचा स्थिर आकार म्हणजे रुपयातले चार आण्यांहून जास्त. ३०० युनिट वापरणाऱ्याचे २०२४-२५ चे बिल ३,००८ रुपये होते. त्यातही स्थिर आकार तोच, म्हणजे रुपयातले जेमतेम चार पैसे. दर युनिटला वाढला तर माणूस दिवा मालवून काही वाचवू शकतो. स्थिर आकार वाढला तर अंधारात बसूनही सुटका नाही. म्हणून लहान घराने पहिली हरकत स्थिर आकारावर घ्यायला हवी.

दुसरी हरकत भाडेकरूंच्या बाजूने. आपल्यातली कितीतरी कुटुंबे एका मीटरवर तीन-तीन बिऱ्हाडे अशी राहतात. प्रत्येकाचे ६० युनिट धरले तर मीटरवर १८० युनिट होतात. पहिल्या शंभरानंतरची ८० युनिटे महाग टप्प्यात जातात. त्या टप्प्याचा दर २०२४-२५ मध्ये वहन आकारासह ११ रुपये ४६ पैसे होता, पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट. तिघांचे वेगळे मीटर असते तर स्थिर आकार तीनदा भरूनही एकूण १,४४२ रुपये झाले असते. एका मीटरवर तेच १,६३३ रुपये होतात. गरिबासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा गरीब भाडेकरूपर्यंत पोहोचतच नाही. वर घरमालक सबमीटर लावून आपल्या मनाचा दर घेतो तो वेगळाच. कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर तिथे राहणाराही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्षात कागदपत्रांवर अडवणूक होते. ती अडवणूक आयोगापुढे मांडण्यासारखीच आहे.

सुनावणीला उद्योजकांच्या संघटना येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकरी संघटना येतात. त्यांनी यावेच. पण साठ युनिटवाली बाई तिथे नसते. मग तिचा स्थिर आकार आणि तिचे सामाईक मीटर यांच्यावर जीव तोडून बोलणार कोण?

विजेचा आणि आपला संबंध बिलापुरता नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी मांडले की, मुबलक आणि स्वस्त विजेवाचून उद्योगीकरण होणार नाही, आणि उद्योगीकरणावाचून लोकांची दारिद्र्यातून सुटका नाही. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. वीज कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी त्या वेळीच विचारून ठेवला आहे.

तेव्हा करायचे काय? कंपनीने दराचा अर्ज केला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. मराठी दैनिकातही येते. तीत प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख, पत्ता आणि सुनावणीचे ठिकाण असते. महिला मंडळाने किंवा विहार समितीने ती कापून फलकावर लावावी. पंधरा-वीस घरांची बिले गोळा करून वर केला तसा हिशेब मांडावा. हरकत साध्या मराठीत एका पानात लिहावी: आम्ही कोण, ग्राहक क्रमांक, कशाला हरकत, का, आणि काय मागणी. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर तसे लिहावे. घोषणांपेक्षा वीस बिलांचा तक्ता जड भरतो. मात्र आपले एकट्याचे बिल चुकले असेल तर त्याची जागा ही नव्हे. त्यासाठी कंपनीचा कक्ष आणि त्यावर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

हा हक्कही जपावा लागतो. २८ मार्च २०२५ ला आयोगाने महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला. कंपनीने फेरविचार मागितला, २ एप्रिलला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. फेरविचाराच्या वेळी जनसुनावणी झाली नाही, अशी तक्रार घेऊन काही ग्राहक उच्च न्यायालयात गेले. बड्या ग्राहकांना सुनावणीची किंमत कळते, म्हणून ते तिच्यासाठी भांडतात.

आपली खुर्ची तिथे मांडलेली आहे. पुढची नोटीस निघेल तेव्हा वस्तीतल्या दोघी-तिघींनी बिलांची पिशवी घेऊन तिच्यावर जाऊन बसावे.